ट्रॅक्टर-ट्रॉलीचा टायर खाली बसला? हवा भरण्याआधी हे वाचा

कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रस्त्याकडेला एक चित्र रोज दिसतं. उसाने भरलेली ट्रॉली एका बाजूला कललेली, चाकाखाली दगड, ड्रायव्हर मोबाईलवर पंक्चरवाल्याला शोधतोय आणि मागून मुकादमाचे फोन चालू. काट्यावर नंबर लागायचा असतो, ऊस वाळत असतो. म्हणून मग घाई होते. पंक्चरवाला येतो, जॅक लावतो, नळी जोडतो आणि टायरजवळ बसूनच हवा सोडतो. शेजारी टॉर्च धरून एखादं पोरगं उभं असतं.

शंभरातून नव्व्याण्णव वेळा काही होत नाही. त्यामुळेच या कामाची भीती मोडली आहे. पण ट्रॅक्टर, ट्रॉली, टिपर किंवा जेसीबीचा टायर म्हणजे सायकलची ट्यूब नव्हे. रिंग सुटली किंवा टायरची बाजू फाटली, तर समोरच्या माणसाला डोळ्याची पापणी लवायलाही वेळ मिळत नाही. हात, जबडा, छाती, जे समोर असेल ते जातं. खाली बसलेला मोठा टायर परत रिंगवर कसा बसवायचा, हवा कधी भरायची आणि कधी अजिबात भरायची नाही, याची ही माहिती.

हवेची ताकद किती?

गेजवर जो आकडा पीएसआयमध्ये दिसतो त्याला गावात 'पौंड' म्हणतात. त्याचा अर्थ साधा आहे. टायरच्या आतल्या प्रत्येक चौरस इंचावर हवा तेवढ्या पौंडाने बाहेर ढकलते.

ट्रॉलीचा किंवा ट्रकचा ९.००-२० टायर घेऊ. रिंगेच्या काठापासून नक्षीपर्यंत त्याच्या एका बाजूचं क्षेत्रफळ ९०० चौरस इंचांच्या पुढे जातं. १०० पौंड हवा भरली की त्या एका बाजूवर ९० हजार पौंडांचा, म्हणजे जवळपास ४० टनांचा रेटा येतो. उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्यांपेक्षा हा जोर जास्त आहे. यातला मोठा वाटा रिंग आणि लॉक रिंग रोखून धरतात. लॉक रिंग नीट बसली नसेल तर ती कुठल्या वेगाने सुटेल याचा अंदाज यावरून करावा.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला हवा कमी लागते म्हणून तो निर्धोक, असंही नाही. १३.६-२८ टायरची एक बाजू साधारण १४०० चौरस इंचांची. कड बसवताना ३५ पौंड हवा गेली तरी त्या बाजूवर २२ टनांचा जोर येतो. पौंड कमी असले तरी टायर मोठा आहे.

आपला टायर आणि रिंग कुठल्या प्रकारची?

काम सुरू करण्याआधी हे ओळखणं गरजेचं आहे, कारण प्रत्येकाची पद्धत वेगळी.

• ट्रॅक्टरचा मागचा टायर : १२.४-२८, १३.६-२८, १४.९-२८, १६.९-२८ असे आकडे असतात. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिंगेचा व्यास, दोन्ही इंचांत. बहुतेक ठिकाणी आत ट्यूब असते. रिंग अखंड असते. बऱ्याच टायरांत वजनासाठी पाणी भरलेलं असतं.

• ट्रॅक्टरचा पुढचा टायर : ६.००-१६, ६.५०-१६, ७.५०-१६ असे आकडे. ट्यूब असते. लहान असल्यामुळे लोक याला हलक्यात घेतात.

• ट्रॉली, टँकर, टिपर : इथे बऱ्याचदा ट्रकची चाकं असतात. रिंगेला एका बाजूने वेगळी निघणारी लॉक रिंग असते, आत ट्यूब आणि ट्यूबखाली फ्लॅप. हवा जास्त लागते. सर्वांत धोकादायक काम हेच.

• जेसीबी, लोडर : मागचा टायर १६.९-२८ किंवा त्याच्या आसपासचा. काहींना ट्यूब, तर काहींना ट्यूबलेस. ट्यूबलेस टायर एकदा रिंगवरून सुटला की परत बसवताना हवा बाजूने निसटत राहते.

टायरच्या आतल्या काठात तारांचं कडं असतं. रिंगेला चिकटून बसणारा भाग तोच. पंक्चरवाले त्याला 'बीड' म्हणतात, इथे सोप्या भाषेत 'कड' म्हणू. टायर बसवणे म्हणजे दोन्ही बाजूंची कड रिंगेच्या काठाला सगळीकडून सारखी टेकवणे.

टायर खाली दिसला की आधी काय करावे?

पहिली गोष्ट, तसंच रेटत पुढे जाऊ नये. 'कारखाना दोनच किलोमीटर राहिलाय, हळू जाऊ' असं म्हणून चालवलेला टायर आतून संपतो. बाजूची भिंत दुमडून-दुमडून गरम होते, आतले दोरे तुटतात. वरून टायर धडधाकट दिसतो, पण हवा भरताना तिथूनच फाटतो.

गाडी सपाट, कडक जागेवर घ्यावी. रात्र असेल तर मागे परावर्तक किंवा दिवा ठेवावा. उसाच्या ट्रॉलीवर मागून गाडी आदळण्याचा धोका पंक्चरइतकाच मोठा असतो.

ट्रॉलीचं चाक काढायचं असेल तर ट्रॅक्टर जोडलेलाच राहू द्यावा. ब्रेक लॉक करून, गिअरमध्ये टाकून, इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी. दुसऱ्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. दोन चाकी भरलेली ट्रॉली सोडवली तर पुढची दांडी एकदम खाली आदळते किंवा वर उसळते. शक्य असेल तर थोडा माल उतरवून घ्यावा.

ट्रॅक्टरचं मागचं चाक काढायचं असेल तर ट्रॉली सोडवून ठेवावी, पण आधी ती उभी राहील असा आधार द्यावा. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. ट्रॅक्टरचा पुढचा अॅक्सल मधल्या पिनवर डुलतो. मागून जॅक लावला की ट्रॅक्टर त्या पिनवर आडवा कलू शकतो. म्हणून पुढचा अॅक्सल आणि वरची बॉडी यांच्या मधल्या फटीत दोन्ही बाजूंनी लाकडाची पाचर ठोकावी.

जॅकखाली जाड फळी हवी. काळ्या रानात नुसता जॅक मातीत रुततो. चाक उचललं की अॅक्सलखाली लाकडाचे मोठे ठोकळे रचून वजन त्यावर घ्यावं. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली वाकू नये. जेसीबीचं बकेट जमिनीला टेकवून, मागचे पाय लावून मशीन उचललं तरी ठोकळे लागतातच, कारण हायड्रॉलिकचं तेल हळूहळू उतरतं.

थेट हवा भरायची की टायर उतरवायचा?

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि घाईत चुकतो तोही हाच.

जड वाहनांच्या टायरांसाठी जगभर एक नियम पाळला जातो. ठरलेल्या हवेच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर टायर चालवला गेला असेल, तर त्यात थेट हवा भरायची नाही. हवा पूर्ण काढायची, टायर रिंगवरून उतरवायचा, आतून-बाहेरून बघायचा आणि मगच परत भरायचा. अमेरिकेत कामगार सुरक्षेच्या कायद्यातच मोठ्या गाड्यांच्या टायरांसाठी हे लिहून ठेवलं आहे. म्हणजे १०० पौंडांचा ट्रॉलीचा टायर ८० किंवा त्याच्याही खाली आलेला असताना ओढला असेल, तर तो उतरवलाच पाहिजे.

टायर रात्रभर उभ्या जागेवर हळूहळू उतरला, त्यावर गाडी चालली नाही, कड जागेवर आहे, बाजूला चीर, फुगवटा नाही, तर वॉल्व आणि पिन तपासून, लांब उभं राहून हवा भरता येते. पण चालवला गेला की नाही याची खात्री नसेल तर 'चालवला' असंच धरावं.

उतरवताना

नट ढिले करण्याआधी वॉल्वमधली पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्यावी. आवाज थांबला म्हणजे टायर रिकामा झाला असं नाही. वॉल्वमध्ये माती किंवा बर्फ झालेला असू शकतो. म्हणून बारीक तार वॉल्वमध्ये आत-बाहेर करून बघावी. टिपरला मागे जोडचाकं असतात. तिथे आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही टायरांची हवा काढूनच नटाला पान्हा लावावा. भरलेल्या टायरच्या लॉक रिंगेला टॉमी किंवा हातोडा कधीही लावू नये.

मागच्या टायरात पाणी असेल तर वॉल्व खाली आणून ते आधी काढून टाकावं. १३.६-२८ टायरात दीडशे लिटरच्या पुढे पाणी बसतं. तेवढं वजन असलेलं चाक अंगावर पडलं तर दोन माणसांनाही सावरत नाही. म्हणून चाक काढताना ते कुणाच्या आधाराने उभं ठेवण्यापेक्षा भिंतीला किंवा मशीनला टेकवून बांधावं.

टायर उतरला की आत दिवा धरून बघावं. ट्यूब पाण्यात बुडवून भोक सापडलं म्हणून तिथेच थांबू नये. भोक पाडणारी वस्तू टायरमध्येच अडकलेली असते. आपल्याकडे बाभळीचा काटा, पऱ्हाटीचे आणि तुरीचे तासलेले खुंट, नांगराच्या फाळाचा तुकडा, तारेचं टोक या नेहमीच्या गोष्टी. उघड्या बोटाने चाचपू नये. जाड कापड आतून फिरवावं, ते जिथे अडकेल तिथे काटा आहे.

पुढीलपैकी काही दिसलं तर तो टायर भंगारात घालावा, दुसऱ्याला विकूही नये :

• आत काळी भुकटी किंवा रबराचा चुरा साठलेला, म्हणजे टायर खाली चालला आहे.
• बाजूच्या भिंतीवर आतून गोल सुरकुत्या किंवा सुटलेले दोरे.
• कडेची तार उघडी पडलेली, वाकलेली किंवा तुटलेली.
• बाजूवर फुगवटा किंवा दोऱ्यापर्यंत गेलेली चीर.

रिंगही तेवढ्याच बारकाईने बघावी. गंज पत्र्याच्या ब्रशने घासून काढावा. तडा, वाकलेला काठ, लंबगोल झालेली नटांची भोकं दिसली तर रिंग बदलावी.

ट्यूबचा टायर बसवण्याची पद्धत

१. रिंग आणि टायरची कड पुसून कोरडी करावी. आतली माती, जुन्या ठिगळाचे तुकडे काढावेत.

२. ट्यूबवर टाल्कम किंवा पंक्चरच्या दुकानातली पांढरी पावडर फासावी. ट्यूब टायरला चिकटत नाही, घड्या पडत नाहीत. ट्रकच्या चाकाला फ्लॅप विसरू नये, नाहीतर ट्यूब रिंगेच्या फटीत चिमटली जाते.

३. ट्यूबमध्ये अगदी थोडी हवा भरून ती गोल होऊ द्यावी, मग टायरात सारावी. वॉल्व रिंगेच्या भोकात सरळ यायला हवा. तिरका राहिला तर दोन दिवसांत मुळाशी तुटतो.

४. ट्रॅक्टरच्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो बघूनच टायर चढवावा. उलटा बसला तर चिखलात चाक नुसतं फिरतं.

५. दोन्ही कडांना आणि रिंगेच्या काठाला साबणाचं दाट पाणी लावावं. डिझेल, जळकं ऑईल किंवा ग्रीस लावायची सवय मोडावी. तेलाने रबर फुगून खराब होतं आणि कड रिंगवर कायमची निसरडी राहते. मग ओढ लागली की रिंग आत फिरते, टायर जागेवर राहतो आणि वॉल्व उपटून निघतो.

६. पिन न लावता थोडी हवा भरून कड जागेवर येऊ द्यावी. मग हवा पूर्ण सोडून द्यावी. यामुळे ट्यूबच्या घड्या निघतात. आता पिन लावून परत भरावं.

७. टायरच्या बाजूवर रिंगेलगत एक बारीक गोल रेघ असते. रिंगेचा काठ आणि ती रेघ यातलं अंतर सगळीकडे सारखं दिसलं की कड बसली. एका जागी रेघ आत दबलेली दिसली तर तिथे बसली नाही.

८. कड बसवताना हवा किती वर न्यायची याची मर्यादा टायरच्या बाजूवर लिहिलेली असते. ट्रॅक्टरच्या बऱ्याच टायरांवर ती ३५ पौंड आहे. तेवढ्यात कड बसली नाही तर पुढे एक पौंडही भरू नये. 'अजून थोडी, आत्ता बसेल' हीच सगळ्यात महाग चूक. तिथे कडेची तार तुटते आणि टायर रिंगवरून उडतो. हवा पूर्ण काढावी, चाक फिरवून परत साबणपाणी लावावं आणि नव्याने सुरुवात करावी.

९. कड बसल्यावर हवा कामाच्या आकड्यावर उतरवून घ्यावी.

ट्यूबलेस टायर बसत नसेल तर

ट्यूबलेसमध्ये कड आणि रिंग यांच्यात फट राहिली की कॉम्प्रेसरची हवा जेवढी जाते तेवढीच बाहेर येते. अशा वेळी हे उपाय करावेत.

चाक जमिनीवरून उचललेलं हवं. वजन असताना कड आत दबलेली राहते. रिंगेचा काठ स्वच्छ घासून, साबणपाणी भरपूर लावावं. टायरच्या नक्षीवरून, बरोबर मध्यावर, ट्रकवाले माल बांधायला वापरतात तो कप्पीचा पट्टा गोल गुंडाळून आवळावा. मध्य आत दबला की दोन्ही बाजू आपोआप बाहेर सरकतात आणि फट कमी होते. वॉल्वची पिन काढून ठेवली की हवा जास्त वेगाने आत जाते. कॉम्प्रेसरची टाकी आधी पूर्ण भरून घ्यावी आणि मग एकदम सोडावी. लहान टाकीच्या कॉम्प्रेसरने हे जमत नाही. शहरातल्या टायरच्या दुकानात एकदम हवा मारणारी वेगळी टाकी मिळते, ज्याच्याकडे दोन-तीन मशीन आहेत त्याला ती परवडते.

कड धरली आणि हवा बाहेर येणं थांबलं की लगेच भरणं थांबवून पट्टा काढून घ्यावा. पट्ट्यासकट जास्त हवा भरली तर तो तुटून चाबकासारखा बसतो. इथेही टायरवरची मर्यादा तीच.

आग लावून टायर बसवू नका

मोबाईलवर एक व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो. टायरात पेट्रोल किंवा स्प्रे मारतात, काडी टाकतात, धडाका होतो आणि टायर टणकन रिंगवर बसतो. बघायला मजा येते. पण त्या व्हिडिओत फक्त जमलेलं दिसतं.

आगीच्या धडाक्याने आत किती पौंड जोर झाला हे कुणालाच मोजता येत नाही. किती पेट्रोल जास्त झालं हेही नाही. रिंगेला जुना तडा असेल तर ती तिथेच फुटते. टायर आतून भाजतो, न जळलेली वाफ आत राहते आणि वरून हवा भरताना परत पेट घेऊ शकते. काडी टाकणाऱ्याचा चेहरा आणि हात तर पहिल्या धडाक्यातच समोर असतात. जे काम कप्पीच्या पट्ट्याने आणि साबणपाण्याने होतं, त्यासाठी तोंड भाजून घेण्यात काही शहाणपण नाही.

लॉक रिंगचं चाक : पिंजऱ्याशिवाय हवा नाही

ट्रॉली आणि टिपरच्या चाकाची लॉक रिंग हा सगळ्यात मोठा धोका. ती खाचेत पूर्ण बसलेली नसेल, गंजलेली, वाकलेली असेल किंवा दुसऱ्याच रिंगेची असेल, तर हवा चढता-चढता ती सुटते. कधी नळी काढल्यावर, कधी चाक गाडीला लावताना सुटते.

रिंग आणि लॉक रिंग एकाच जोडीची असावी. 'साइज सारखा दिसतोय' म्हणून भंगारातली लॉक रिंग बसवू नये. दोन्हींच्या खाचा घासून साफ कराव्यात. वाकलेली लॉक रिंग ठोकून सरळ करून वापरू नये.

हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावं. पंक्चरच्या दुकानासाठी जाड पाइपचे असे पिंजरे मिळतात. रिंग सुटली तरी ती पिंजऱ्यात अडकते. चाकाभोवती साखळी गुंडाळणं किंवा चाक ट्रॉलीखाली सारणं हा पिंजऱ्याला पर्याय नाही. पिंजऱ्याला टेकून उभं राहू नये, कारण आतला जोर पाइपवरच येतो.

थोडी हवा गेल्यावर लांबूनच बघावं. लॉक रिंग एका जागी वर आलेली दिसली तर हातोड्याने ठोकून बसवायचा प्रयत्न करू नये. लोकांचे जीव याच क्षणी जातात. हवा पूर्ण काढावी, रिंग उतरवावी, परत बसवावी.

हवा भरणाऱ्याने कुठे उभं राहायचं?

टायरच्या बाजूच्या भिंतीसमोर किंवा रिंगेसमोर कधीच नाही. फुटलं तर ते बाजूनेच फुटतं. उभं राहायचं ते नक्षीच्या दिशेला आणि तेही लांब. यासाठी दोन वस्तू लागतात. एक, वॉल्वला स्वतः चिकटून राहणारा क्लिपचा नोझल. दुसरी, किमान तीन मीटर लांब नळी, जिच्या हातातल्या टोकाला गेज आणि बंद करायचा कॉक आहे. दोन्हींचा खर्च एका नव्या ट्यूबपेक्षा फार नाही.

कॉम्प्रेसरची टाकी १५० पौंडांपर्यंत हवा साठवते. नळी जोडून चहाला गेलं तर ट्रॅक्टरचा टायर तेवढी हवा घेत राहील. हवा भरताना कॉकवर हात आणि गेजवर डोळा हवा.

भरताना टायरमधून कट-कट, तडतड असा आवाज आला किंवा बाजूला फुगवटा दिसला तर आतले दोरे किंवा तारा तुटत आहेत. तारेच्या टायरची बाजू अशा वेळी चेन उघडावी तशी एका रेषेत फाटते. जवळ जाऊन बघू नये. कॉक बंद करून लांब जावं, आणि शक्य असेल तर नळीच्या टोकाकडूनच हवा सोडून द्यावी.

टॉर्च धरणाऱ्या पोराला तिथून दूर पाठवावं. चौदा वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्याच्या दुकानात कामाला लावणं कायद्याने गुन्हा आहे, ते वेगळंच. दिवा खिळ्याला अडकवता येतो, त्यासाठी माणूस लागत नाही.

टायर असताना रिंगला वेल्डिंग नाही

रिंगेला तडा गेला की ट्रॅक्टर सरळ वेल्डिंगवाल्याकडे नेतात आणि टायर न उतरवताच दोन टाके मारून आणतात. हे टायर फोडण्याइतकंच धोकादायक आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं रबर तापतं, त्यातून पेट घेणारा वायू निघतो आणि टायरच्या पोकळीत कोंडतो. टायरमध्ये हवा नसली तरी हे होतं. स्फोट लगेच होईल असंही नाही, वेल्डिंग थांबल्यानंतर बऱ्याच वेळानेही होऊ शकतो. अडकलेला नट गॅसने तापवतानाही हीच गोष्ट लागू आहे. आधी टायर उतरवावा, मगच रिंगेला आग लावावी. लॉक रिंगच्या चाकाची तडा गेलेली रिंग तर वेल्डिंग करून वापरूच नये.

शेवटी हवा किती ठेवायची?

पक्का आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत आणि टायरवर असतो. अंदाज म्हणून, शेतातल्या कामाला मागच्या टायरात साधारण १२ ते १६ पौंड आणि पुढच्या टायरात २५ ते ३० पौंडांच्या आसपास ठेवतात. ट्रॉली ओढायला रस्त्यावर मागची हवा थोडी वाढवतात. ट्रॉलीच्या चाकाला मात्र टायरवर लिहिलेली जास्तीत जास्त हवा ओलांडू नये.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. रस्त्यावर तापलेल्या टायरात गेज जास्त दाखवतो. तेव्हा हवा सोडली तर सकाळी टायर कमी हवेवर असतो.

पाणी भरायचं असेल तर चाक उचलून, वॉल्व सगळ्यात वर ठेवून, वॉल्वच्या पातळीपर्यंतच भरावं. साधारण पाऊण टायर पाण्याने भरतो आणि वरची जागा हवेला राहते. ही जागा कमी असल्यामुळे हवा थोडक्यात चढते, म्हणून हळू भरावं. हवा मोजतानाही वॉल्व वरच ठेवावा.

नट एकाच बाजूने आवळत जाऊ नये. समोरासमोरचे नट थोडे-थोडे आवळावेत. तासभर चालवल्यावर परत एकदा पान्हा लावावा, बहुतेक नटांना अर्धा फेर तरी मिळतो.

काही झालंच तर

माणसाला मार लागला असेल तर त्याला हलवण्याआधी १०८ ला फोन करावा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावं. भाजलं असेल तर किमान वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडावं, टूथपेस्ट किंवा तेल लावू नये. वर अंगावर काही दिसत नसलं तरी धडाक्याजवळ असलेल्या माणसाला दवाखान्यात दाखवावं. कानाला आणि छातीला आतून मार बसलेला असतो.

पंक्चरच्या दुकानात जाताना ट्रॅक्टर मालकाने पाहायच्या पाच गोष्टी

१. पिंजरा आहे का?
२. नळी लांब आहे का, क्लिपचा नोझल आणि चालू गेज आहे का?
३. टायर खाली चालवला होता हे पंक्चरवाल्याला सांगितलं का?
४. टायर आतून बघितला का, की नुसती ट्यूब जोडली?
५. टायरसमोर कुणी उभं नाही ना?

तिसरा प्रश्न मालकासाठीच आहे. 'एवढ्यातच बसलाय, चालवला नाही' असं खोटं सांगितलं की अर्धा तास वाचतो. पण त्या टायरसमोर बसणारा माणूस ते खरं मानूनच हवा भरतो. उसाची खेप दोन तास उशिरा गेली तर काट्यावर रांगेत थांबावं लागेल, एवढंच. पंक्चरवाल्याच्या घरी संध्याकाळी त्याची वाट बघणारं कुणीतरी असतं.